मुदतीपेक्षा जास्त राहिलं, आता शिकायला जाता येईल का?

 

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, व्हिसा आणि परदेश हे आपल्या नरखेड तालुक्यात कुठून आलं? पण आलं आहे. आपली मुलं आधी काटोलला, मग नागपूरला, पुण्याला शिकायला गेली. आता एखादी दुबईत आहे, एखादा कॅनडात आहे. मुलीच्या बाळंतपणाला विमानात बसून गेलेल्या आयाही आपल्यात आहेत. त्यामुळे गटाच्या सभेत कर्जाच्या मागणीत 'शिक्षणासाठी बाहेर देशात' हे कारण ऐकू येऊ लागलं, त्याचं आम्हाला आश्चर्य वाटलं नाही.

अशाच एका सभेत आलेला प्रश्न सांगतो. एका ताईंची मुलगी नर्सिंग झालेली. मागे बहिणीच्या बाळंतपणासाठी ती व्हिजिट व्हिसावर दुबईला गेली. बाळ कमी वजनाचं जन्मलं, दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि त्या धावपळीत ही मुलगी व्हिसाची मुदत संपल्यावर १९ दिवस जास्त राहिली. तिथे दिवसाला ५० दिरहॅम दंड आहे. म्हणजे ९५० दिरहॅम, आपले वीस हजारांच्या वर. तो भरून ती परत आली. आता तिला पुढचं शिकायला कॅनडात जायचं आहे. एजंट म्हणतो, जुना पासपोर्ट हरवला म्हणून कळवा, नवा काढा, आणि फॉर्मवर दुबईचं नावच घेऊ नका. या 'सेटिंग'साठी त्याला आगाऊ रक्कम पाहिजे. ती रक्कम ताईंनी गटाकडे मागितली.

गटाने कर्ज द्यायचं की नाही, हा निर्णय गटाचा. पण एजंटने सांगितलेली वाट मुलीला कुठे नेते, हे आधी समजून घ्यावं लागेल.

नवीन पासपोर्ट काढला की जुनं पुसलं जातं, हा मोठा गैरसमज आहे. नव्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर जुन्या पासपोर्टचा नंबर छापलेला असतो. शिवाय आता बोटांचे ठसे आणि फोटो घेतल्याशिवाय कॅनडासारखे देश परवाना देत नाहीत. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश ही माहिती आपसात तपासून घेतात. पुस्तक बदलेल, बोटं कुठून बदलणार? आणि पासपोर्ट हरवला नसताना हरवला म्हणून खोटं लिहून देणं हा १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. त्याची सजा सही करणारीला होते.

आता या मुलीच्याच प्रश्नावर येऊ. कॅनडाच्या स्टडी परमिटच्या फॉर्ममध्ये दोन वेगळे प्रश्न असतात, आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिला प्रश्न असा, की तुम्ही कधी कॅनडात मुदतीपेक्षा जास्त राहिलात का, परवानगीशिवाय शिकलात किंवा काम केलंत का. हा प्रश्न फक्त कॅनडापुरता आहे. दुसरा प्रश्न असा, की कॅनडाने किंवा दुसऱ्या कोणत्याही देशाने तुम्हाला व्हिसा नाकारला, प्रवेश नाकारला किंवा देश सोडून जाण्याचा आदेश दिला का. आपल्या मुलीने कॅनडात पाऊलच ठेवलेलं नाही, म्हणून पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर 'नाही'. दुबईत तिला कुणी आदेश देऊन काढलं नाही, ती दंड भरून आपल्या पायाने निघाली, म्हणून दुसऱ्याचंही खरं उत्तर 'नाही'. म्हणजे ज्या खोट्यासाठी एजंट पैसे मागत होता, त्या खोट्याची तिला गरजच नव्हती!

पण प्रवासाची माहिती विचारली तिथे दुबई लिहावीच लागेल. आमचं मत असं, की सोबत एक लहान पत्र आणि दंडाची पावती जोडून १९ दिवसांचं कारण आपणहून सांगितलेलं बरं. पासपोर्टवरच्या तारखा तपासणाऱ्या अधिकाऱ्यालाही मोजता येतात.

हीच मुलगी ऑस्ट्रेलियाला अर्ज करत असती तर गोष्ट बदलली असती. तिथला फॉर्म कोणत्याही देशात मुदत ओलांडली का, असं विचारतो. तिथे उत्तर 'हो'च. म्हणून शेजारच्या पोराचा भरलेला फॉर्म समोर ठेवून उतरवू नका. ज्या देशाचा अर्ज, त्या देशाचा प्रश्न, शब्द न् शब्द वाचून घ्या. इंग्रजी जमत नसेल तर शाळेतल्या सरांकडून किंवा बाईंकडून वाचून घ्या, पण वाचल्याशिवाय सही नको.

कॅनडाच्या कायद्यात खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर ५ वर्षं प्रवेश बंद. ब्रिटनमध्ये अर्जात फसवणूक केली तर १० वर्षं. आणि नुसतं जास्त राहिल्याचं काय? ब्रिटनमध्ये ३० दिवसांपेक्षा जास्त राहून कुणी स्वतःच्या खर्चाने निघालं, तर १ वर्ष. ऑस्ट्रेलियात २८ दिवसांच्या वर गेलं तर साधारणपणे ३ वर्षं. अमेरिकेत १८० दिवसांपेक्षा जास्त पण वर्षाच्या आत असेल तर ३ वर्षं, वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर १० वर्षं. कॅनडात नुसत्या जास्त राहण्यासाठी अशी ठरलेली बंदी नाही. अधिकारी प्रत्येकीचं प्रकरण पाहून ठरवतो. आता हे आकडे शेजारी ठेवून पाहा. ब्रिटनमध्ये महिन्याहून जास्त राहिल्याचं एक वर्ष, आणि ते लपवायला गेलं तर दहा.

जी मुलं आधीच कॅनडात शिकत होती त्यांचं थोडं वेगळं आहे. परमिटवर छापलेली तारीख एक असते, पण शिक्षण त्याआधी संपलं तर परमिट शिक्षण संपल्यापासून ९० दिवसांनी संपतं. छापील तारखेवर विसंबून राहिलेली मुलं इथे फसतात. मुदत संपण्याआधी वाढीचा अर्ज केला असेल तर निकाल येईपर्यंत तिथे राहता येतं. मुदत गेलीच, तर ९० दिवसांच्या आत दर्जा पूर्ववत करा असा अर्ज करता येतो, मात्र तो मंजूर होईपर्यंत वर्गात बसता येत नाही. तेही हुकलं आणि देश सोडण्याचा आदेश मिळाला, तर ३० दिवसांत निघायचं आणि निघताना सीमेवरच्या अधिकाऱ्याकडून त्याची नोंद करून घ्यायची. ही नोंद न करता चुपचाप विमानात बसलं, की साधा आदेश हद्दपारीचा होतो आणि मग परत जायला खास परवानगी लागते. एवढ्याशा कागदासाठी पुढची वर्षं अडतात. तुमच्या ओळखीत कुणी असं परतलं असेल, तर तो कागद आहे का, हे पहिलं विचारा.

बाळंतपणाला जाणाऱ्या आयांसाठीही एक सांगून ठेवतो, कारण मुदत ओलांडण्याची सुरुवात बरेचदा इथूनच होते. व्हिसा १० वर्षांचा मिळाला म्हणजे १० वर्षं राहता येतं असं नाही. तो दारावर येण्याचा परवाना. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. कॅनडात पाहुण्यांना साधारण ६ महिने मिळतात. अमेरिकेत ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते आणि ती इंटरनेटवर पाहता येते. मुलीला-जावयाला ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला लावा. नातवाच्या कौतुकात सहा महिने कसे जातात, कळत नाही.

मुदत पाळण्याचं एक उदाहरण आपल्याला ओळखीचं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनला शिकत असताना बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. तेव्हा आजच्यासारखे व्हिसाचे फॉर्म नव्हते. पण येण्याआधी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी घेऊन ठेवली. त्या परवानगीवर ते १९२० मध्ये पुन्हा गेले.

आता पत्र कसं लिहायचं? एक पान पुरे. कोणत्या तारखेला गेलो, कोणत्या तारखेपर्यंत परवानगी होती, कोणत्या तारखेला निघालो, किती दिवस जास्त झाले. मग कारण, आणि कारणाचा कागद: दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, विमान रद्द झाल्याचा निरोप, दंडाची पावती, निघाल्याचा शिक्का. त्या वेळी मुदत वाढवून मागितली होती का, नसेल तर का नाही. तेव्हापासून दुसऱ्या देशात जाऊन वेळेत परत आलो असू तर तेही. 'आम्ही गरीब शेतकरी आहोत, दया करा' असं लिहू नका. अधिकाऱ्याला रडगाणं नको असतं, तारखा पाहिजे असतात. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर बाहेरच्या भाषांतरकाराकडून करून घ्या. तो प्रमाणित नसेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. घरच्या माणसाने केलेलं भाषांतर कॅनडा स्वीकारत नाही, मग ती एम. ए. इंग्लिश झालेली वहिनी का असेना.

अधिकारी आणखी एक गोष्ट पाहतो, शिक्षण संपल्यावर ही मुलगी देश सोडेल का? आधी एकदा मुदत ओलांडलेली असेल तर हा प्रश्न जास्त टोकदार होतो. म्हणून हाच कोर्स का, आधीच्या शिक्षणाशी त्याचा काय संबंध, परतल्यावर काय काम करणार, हे नीट लिहावं लागतं. नर्सिंग झालेल्या मुलीने हॉटेल व्यवस्थापनाचा कोर्स घेतला तर शंका येणारच.

पैशाच्या कागदांत आपल्याकडे एक खास अडचण असते. आपलं उत्पन्न दर महिन्याला येत नाही. संत्र्याचा बगीचा व्यापाऱ्याला दिला की आंबिया किंवा मृगाचे पैसे एकदम खात्यात पडतात. बाहेरच्या अधिकाऱ्याला ते असं दिसतं, की खातं कोरडं होतं आणि अर्जाच्या तोंडावर कुणीतरी लाखो रुपये आणून टाकले. म्हणून सोबत सातबारा, सौद्याची पावती, आणि मागच्या दोन-तीन वर्षांत याच महिन्यांत असेच पैसे आल्याच्या नोंदी जोडा. खात्यात 'दाखवण्यापुरते' चार दिवसांसाठी उसने पैसे ठेवू नका. ते लगेच ओळखू येतं. कर्ज काढण्याआधी शिष्यवृत्तीचंही पाहा. अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे.

एजंटबद्दल थोडं. पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जात प्रतिनिधी म्हणून काम करायचं तर तो तिथला वकील किंवा तिथल्या नियामक संस्थेचा परवानाधारक सल्लागार असावा लागतो, आणि त्याचं नाव अर्जासोबत द्यावं लागतं. 'माझं नाव कुठे लिहू नका' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. २०२३ मध्ये पंजाबातल्या जालंधरच्या एका सल्लागाराचं प्रकरण देशभर गाजलं. त्याने कॉलेजची बनावट प्रवेशपत्रं जोडून मुलांना कॅनडात पाठवलं होतं. मुलं तिथे शिकली, आणि काही वर्षांनी त्यांच्याच हाती हद्दपारीच्या नोटिसा पडल्या. पुढे त्या सल्लागाराला तिथल्या कोर्टाने तुरुंगवास दिला. १ डिसेंबर २०२३ पासून कॅनडा प्रत्येक प्रवेशपत्र थेट कॉलेजकडून पडताळून घेतो.

सगळं खरं लिहूनही नकार येऊ शकतो. त्याची तयारी ठेवा. अर्जाचे १५० डॉलर आणि ठशांचे ८५ डॉलर परत मिळत नाहीत. नकाराच्या पत्रात कारण असतं, ते वाचा. फाइलवरच्या अधिकाऱ्याच्या नोंदीही मागवता येतात. त्यात नेमकं कुठे अडलं ते दिसतं. तोच अर्ज तसाच्या तसा पुन्हा टाकण्यात अर्थ नाही. काही नवा कागद किंवा नवी परिस्थिती असेल तरच दुसरा अर्ज करा. आणि दुसऱ्या अर्जात पहिला नकार लिहायचा, तिथे आता 'नाही' चालत नाही.

गटांना आमची सूचना एवढीच. अशा कामासाठी कर्ज मागितलं तर एजंटच्या हाती आगाऊ रोख देऊ नका. आधी कॉलेजचं प्रवेशपत्र, मग फॉर्मची भरलेली प्रत आणि पत्र मुलीने स्वतः सभेत वाचून दाखवावं, आणि अर्जाची फी तिच्या स्वतःच्या खात्यातून भरावी. मोठी रक्कम परमिट हातात आल्यावर. त्या ताईंच्या गटाने हाच ठराव वहीत लिहिला, एजंटची आगाऊ रक्कम नामंजूर केली, आणि फी व भाषांतराच्या खर्चापुरतं कर्ज मंजूर केलं.