तुमचे मूल कानाने शिकते की डोळ्यांनी?

पालकसभांमध्ये अलीकडे एक नवी भाषा ऐकू येऊ लागली आहे. एखादी अम्मी सांगते, "आमचा मुलगा ऐकून शिकणारा आहे, त्याला वाचायला लावू नका." दुसरी म्हणते, "हिला चित्राशिवाय काही कळतच नाही." आणि एखादे अब्बू हात झटकून म्हणतात, "हा हाताने शिकणारा आहे. पुस्तक त्याच्या कामाचे नाही, गॅरेजात बसवतो." पहिल्या दोन वाक्यांत मुलाची काळजी आहे. तिसऱ्या वाक्यात मात्र चौदा वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा निकाल लागून गेलेला असतो. म्हणून ही कल्पना आली कुठून आणि ती कितपत खरी आहे, हे घराघरांत माहीत असायला हवे, असे आम्हा शिक्षकांना वाटते.

कल्पना आली कुठून?

मुलांच्या शिकण्याच्या शैली वेगवेगळ्या असतात, हे म्हणणे जुनेच आहे. त्याला सर्वांत जास्त प्रसिद्धी मिळाली ती न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांच्या प्रश्नावलीमुळे. शाळा तपासनीस म्हणून काम केलेल्या फ्लेमिंग यांनी १९८७ मध्ये ही प्रश्नावली तयार केली. तिच्यात पाहणे, ऐकणे, वाचणे-लिहिणे आणि करून पाहणे असे चार प्रकार आहेत. १९९२ मध्ये त्यांनी कॉलीन मिल्स यांच्यासोबत यावर लेख लिहिला. विद्यार्थ्याने आपल्या अभ्यासाबद्दल स्वतः विचार करावा, यासाठी हे एक निमित्त आहे, अशी त्यांची भूमिका होती. पुढे मात्र या निमित्ताचा शिक्का झाला. मुलाच्या कपाळावर 'कानवाला' किंवा 'डोळेवाला' अशी चिठ्ठी लागली आणि त्याला त्याच पद्धतीने शिकवले तरच तो शिकेल, असा समज पसरला.

हा समज फक्त पालकांचा नाही. २०१२ मध्ये ब्रिटन आणि नेदरलँड्समधील शिक्षकांची एक पाहणी झाली. तिच्यात ९० टक्क्यांहून अधिक शिक्षकांनी ही गोष्ट खरी मानली होती.

संशोधन काय सांगते?

२००४ मध्ये ब्रिटनमध्ये फ्रँक कॉफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयाची मोठी छाननी केली. शैली सांगणाऱ्या तब्बल ७१ पद्धती त्यांना सापडल्या. त्यांतल्या १३ त्यांनी बारकाईने तपासल्या, तेव्हा बऱ्याच कच्च्या निघाल्या.

२००८ मध्ये हॅरल्ड पॅशलर आणि आणखी तीन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रश्न विचारला. ही गोष्ट खरी असेल तर ती सिद्ध कशी होईल? ऐकणे आवडणारी आणि पाहणे आवडणारी मुले वेगळी करा. प्रत्येक गटातल्या अर्ध्या मुलांना ऐकवून शिकवा, अर्ध्यांना दाखवून. मग सगळ्यांची एकच परीक्षा घ्या. कानवाली मुले ऐकून जास्त शिकली आणि डोळेवाली पाहून जास्त शिकली, तर दावा खरा. अशा रीतीने केलेले प्रयोग त्यांना फारच थोडे सापडले आणि त्यांतल्या बहुतेकांचे निकाल दाव्याच्या विरुद्ध होते.

त्यानंतरही प्रयोग झाले. २०१५ मध्ये बेथ रोगोव्स्की आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत प्रौढांना एकाच पुस्तकाचा भाग दिला. काहींनी तो ऐकला, काहींनी पडद्यावर वाचला. लगेच आणि दोन आठवड्यांनी परीक्षा घेतली, तेव्हा आवडती पद्धत मिळाल्याचा कुणालाही फायदा झालेला दिसला नाही. २०१८ मध्ये इंडियाना विद्यापीठातील शरीररचनाशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे दोन तृतीयांश विद्यार्थी आपल्या शैलीप्रमाणे अभ्यास करतच नव्हते आणि जे करत होते त्यांना गुणही जास्त मिळाले नव्हते.

याचा अर्थ मुलांच्या आवडी खोट्या आहेत, असा नाही. आवड असतेच. पण मुलाला दुधी भोपळ्यापेक्षा बिर्याणी जास्त आवडते, म्हणून त्याचे पोट बिर्याणीसाठीच बनले आहे, असे कोणती आई म्हणते?

विषय ठरवतो, मूल नाही

कोणत्या इंद्रियाने शिकायचे, हे बहुधा शिकायची गोष्टच ठरवते. महाराष्ट्राचा नकाशा डोळ्यांनीच शिकावा लागतो. कुरआन पठणात काफ आणि क़ाफ, अलिफ आणि ऐन यांचे उच्चार चित्र पाहून येत नाहीत. ते उस्तादांच्या तोंडून ऐकावे लागतात आणि स्वतःच्या तोंडाने घटवावे लागतात. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहायची आणि मराठी डावीकडून उजवीकडे, हे वळण हाताला लावावे लागते. घरी उर्दू बोलणाऱ्या आमच्या मुलांना मराठीतला 'ळ' आणि 'ण' आधी कानाने ओळखावा लागतो, मग जिभेने म्हणावा लागतो, मग लिहावा लागतो. इथे 'कानवाले' आणि 'हातवाले' अशी मुलांची वाटणी कशी करणार? सगळ्यांनाच सगळे लागते.

मग शिकणे पक्के कशाने होते? २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एकदा त्यांनी तो पुन्हा वाचून काढला, एकदा कागद बाजूला ठेवून आठवेल तितके लिहिले. पाच मिनिटांनी पाहिले तर पुन्हा वाचणे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र चित्र उलटले. आठवून लिहिलेल्या उताऱ्यातले सुमारे ५६ टक्के लक्षात राहिले आणि पुन्हा वाचलेल्यातले सुमारे ४२ टक्के. २०१३ मध्ये जॉन डनलोस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती पारखल्या. त्यांत स्वतःची परीक्षा घेणे आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागून करणे या दोन पद्धती सर्वांत उपयोगी ठरल्या. ओळींखाली रेघा मारणे आणि पुन्हापुन्हा वाचणे तळाला गेले.

आपल्या घरांना ही गोष्ट नवी नाही. हिफ्ज करणारा मुलगा रोज नवा सबक ऐकवतो, जवळचा मागचा भाग सबकी म्हणून ऐकवतो आणि जुने पारे मंजिल म्हणून फिरवत राहतो. मुसहफ मिटून आठवणे आणि ठरावीक दिवसांनी पुन्हा आठवणे, हेच तर प्रयोगशाळेने सांगितले. मदरशातली ही शिस्त विज्ञानाच्या आणि इतिहासाच्या धड्यालाही लावता येते.

शिक्क्याचे नुकसान

चुकीच्या समजाने नुकसान काय, असे कुणी विचारील. २०२३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पालक, मुले आणि शिक्षक यांना 'पाहून शिकणारे' आणि 'हाताने शिकणारे' अशा मुलांबद्दल विचारले गेले. तिघांनीही पाहून शिकणाऱ्या मुलाला जास्त हुशार ठरवले. मुलाबद्दल दुसरी कसलीही माहिती नसताना, केवळ शिक्क्यावरून!

हातचे काम कमी दर्जाचे मुळीच नाही. पण आजचा मेकॅनिकही वायरिंगचा आराखडा वाचतो आणि आयटीआयच्या अनेक ट्रेडना दहावी पास लागते. मुलाने कारागीर व्हायचे तर ते त्याच्या इच्छेने आणि शिकून व्हावे.

दुसरे नुकसान खिशाचे. बोटांच्या ठशांवरून मुलाची शैली सांगणाऱ्या चाचण्या शहरोशहरी विकल्या जात आहेत. त्यांना शास्त्रीय आधार नाही. तो पैसा मुलाच्या पुस्तकांवर खर्च करा.

तिसरे नुकसान सर्वांत गंभीर आहे. 'हा ऐकून शिकणारा' म्हणून ज्याला वाचनातून सूट दिली, त्याला कदाचित फळा दिसतच नसेल. 'ही चित्रांनी शिकणारी' म्हणून जिचे कौतुक झाले, तिला कदाचित एका कानाने कमी ऐकू येत असेल. अक्षरे जुळवण्यातली अडचणही अशीच झाकली जाते. मूल वाचन टाळत असेल तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी शाळांत आरोग्य तपासणी होते. तिचा कागद घरी आला की नीट वाचा आणि चश्मा सांगितला असेल तर मुलीलाही तो तितक्याच लवकर घ्या.

घरी करण्यासारखे फार थोडे आहे, पण ते रोज करायला हवे. रात्री जेवणानंतर पुस्तक मिटायला सांगा आणि विचारा, "आज काय शिकलास? मला समजावून सांग." अम्मीला तो विषय येत नसला तरी चालते, उलट समजावताना मुलाचीच उजळणी होते. तीन दिवसांनी तोच धडा पुन्हा विचारा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा. अडखळला तर रागावू नका. त्या अडखळण्यातूनच धडा पक्का होत असतो.