पिवळं पान हिरवं होतं तेव्हा

मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयात एखादं पुस्तक उघडून त्यातलं पान संपादनाला घेतलं, की पडद्याचे दोन भाग होतात. एकीकडे जुन्या छापील पानाचं छायाचित्र, दुसरीकडे त्या छायाचित्रातून यंत्रानं वाचून काढलेला मजकूर. यंत्राचं वाचन आता खूप सुधारलं आहे, तरी जुना खिळा झिजलेला असला, कागद पिवळा पडून मागच्या पानाची शाई पुढे उमटलेली असली, की त्याची गाडी अडते. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांत ते घोटाळतं. आपण ओळ ओळ ताडायची, चुकलेलं दुरुस्त करायचं आणि जतन करायचं. काम म्हणाल तर एवढंच. छापखान्यात मुद्रितशोधक जे करत आला, तेच.

तपासायची राहिलेली पानं अनुक्रमणिकेत लाल दिसतात. एकानं तपासलं की पान पिवळं होतं, दुसऱ्यानं पुन्हा तपासलं की हिरवं. ज्यानं पिवळं केलं त्याला तेच पान हिरवं करता येत नाही, तो पर्यायच त्याच्यासमोर येत नाही. कितीही व्यासंगी माणूस असो, त्याच्या पानाला दुसरा वाचणारा लागतोच. या सगळ्या रचनेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही आहे. इथं कुणी कुणाची पदवी विचारत नाही, वय विचारत नाही, पुष्कळदा खरं नावही ठाऊक नसतं. तरी आपलं काम पुरं व्हायला कुणीतरी लागतं आणि कुणाचं तरी काम आपल्यावाचून अडलेलं असतं. माणसं एकमेकांना ओळखू लागतात ती इथून.

मी या कामाला लागले ती जुन्या पुस्तकांच्या ओढीनं. पहिला धडा मिळाला तो टिंबांचा. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार लेखनातून गेले. त्याआधीच्या पुस्तकांत मात्र ते पानोपानी आहेत: घरांत, शाळेंत, त्यानें केलें. विकिस्रोताचा दंडक असा, की मूळ पुस्तकात जसं असेल तसंच ठेवायचं, आजच्या नियमांत बसवायचं नाही. आता झिजलेल्या खिळ्यांनी छापलेल्या पानावर अक्षराच्या डोक्यावरचा ठिपका अनुस्वार आहे की शाईचा शिंतोडा, हे ठरवायचं कसं? चित्र कितीही मोठं करून पाहिलं तरी कधीकधी कळत नाही.

एका ज्येष्ठ सदस्यांनी चर्चापानावर लिहिलं, “ताई, डोळ्यांना विचारू नका, वाक्याला विचारा.” आणि खाली उदाहरणं दिली. ‘मी जातों’ला टिंब, ‘तो जातो’ला नाही. ‘ती आली’मधली ती एकटी मुलगी, ‘तीं आलीं’मधली तीं पुष्कळ मुलं. ‘मी’ साधा कर्ता असेल तर टिंब नाही, पण ‘मीं पत्र लिहिलें’ म्हणताना तृतीया, म्हणून टिंब. शाळेत विभक्तीचे तक्ते मी पाठ केले होते आणि परीक्षेनंतर विसरलेही होते. इथं एका ठिपक्याचा निवाडा करायचा म्हणून तेच व्याकरण परत शिकले आणि या वेळी ते राहिलं, कारण प्रत्येक ओळीत त्याची गरज पडत होती. वाक्यालाही सांगता येत नसेल तेव्हा त्याच पुस्तकातली बाकीची पानं चाळायची. तो लेखक आणि तो छापखाना तसल्या जागी काय करतो ते पाहायचं आणि तसं ठेवायचं.

शेतीवरच्या एका जुन्या पुस्तकात मोटेच्या विहिरीचं प्रकरण आहे. त्यातलं एक पान कुणीतरी नेटकं तपासून पिवळं केलं होतं. अनुस्वार जागच्या जागी, जोडाक्षरं बिनचूक. मी ते हिरवं करायला घेतलं. एका वाक्यात मजकूर होता, ‘घाव उतरती ठेवावी’. पुढे पाणी थारोळ्यांत पडतं असंही होतं. थारोळं हा शब्द शहरात वाढलेल्या माणसानं बहुधा वर्तमानपत्रातच वाचलेला असतो, रक्ताच्या बातमीत. त्याच्या शेजारी घाव आला तर डोळा अडखळत नाही, आणि शब्द तपासणारी आज्ञावलीही गप्प बसते, कारण घाव हा शब्द मराठीत आहेच. मला खटकली ती ‘ठेवावी’. घाव पुल्लिंगी, मग ‘ठेवावी’ कशी? छापील पान मोठं करून पाहिलं, पण नेमकं त्या अक्षराचं डोकं शाईनं भरलेलं.

मी चर्चापानावर विचारलं. रात्री उत्तर आलं, सोलापूरकडच्या एका सदस्याचं. “ती धाव आहे. मोट ओढताना बैल ज्या उतारावरून खाली जातात ती. आमच्या आजोबांच्या विहिरीला होती. उतार असला की बैलांचं वजन कामी येतं.” मग त्यांनी मोटेचं सगळंच समजावलं. मोटेच्या तोंडाला बांधलेला जाड नाडा, खालच्या सोंडेला बांधलेलं सोंदूर, मोट वर आली की सोंड मोकळी होऊन पाणी थारोळ्यात कसं पडतं आणि तिथून पाटाला कसं लागतं. पुस्तकात हेच तीन परिच्छेदांत होतं, पण मला ते दिसलं या उत्तरानंतर. ज्यांनी पान पिवळं केलं होतं, तेही चर्चेत आले. ते परदेशात संगणकाचं काम करतात. “हे मला आयुष्यात कळलं नसतं,” असं त्यांनी लिहिलं आणि त्या पुस्तकातली उरलेली लाल पानं मागून घेतली.

ऱ्याचा गुंता परदेशातल्या याच सदस्यांनी मला उलगडून दाखवला. डोंगरातल्या दऱ्या वेगळ्या आणि समुद्राचा दर्या वेगळा, पण यंत्र दोन्हीला एकच समजतं. ते तर हातानं दुरुस्त करता येतं. खरी मेख पुढे आहे: संगणकावर ऱ्या दोन तऱ्हांनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे, संगणकाच्या लेखी निराळे. एका तऱ्हेनं लिहिलेला शब्द दुसऱ्या तऱ्हेनं शोधला तर सापडेलच असं नाही. मग सगळं पुस्तक एकाच तऱ्हेला आणायचं. ते काम सांगकाम्याकडे द्यायचं. सांगकाम्या म्हणजे सांगितलेली दुरुस्ती पानामागून पान करत जाणारी आज्ञावली.

कुठलं पुस्तक घेता येईल हे ठरवायला कायदाही शिकावा लागतो. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं प्रताधिकार राहतो आणि त्याची मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून सुरू होते. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन २०११ च्या १ जानेवारीला सगळ्यांचं झालं. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या, पण त्यांच्या कवितांचं पुस्तक आलं १९५२ मध्ये. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाची वर्षं प्रसिद्धीपासून मोजतात, म्हणून तिथं आणखी एक वर्ष थांबावं लागलं. त्याच पुस्तकाला आचार्य अत्र्यांची प्रस्तावना आहे आणि अत्रे गेले १९६९ मध्ये. म्हणजे कविता आपल्या कायद्याप्रमाणे मोकळ्या झाल्या, तरी प्रस्तावनेला २०३० उजाडावं लागेल. एकाच बांधणीतल्या पानांची अशी वेगवेगळी मोजणी करताना नव्या माणसाची तारांबळ उडते. तेव्हा आधी आलेलं कुणीतरी शांतपणे समजावतं. आपल्यालाही कुणीतरी असंच समजावलं होतं, हे त्यांच्या लक्षात असतं.

वाद होतात. ऱ्हस्वदीर्घावरून, मूळ पुस्तकातला उघड मुद्रणदोष तसाच ठेवावा की टीप द्यावी यावरून, मोठाले वाद. काही माणसं दुखावून निघून जातात, याचं मला वाईट वाटतं. पण प्रत्येक पानाचा इतिहास जतन असतो. कुणी काय बदललं, कधी बदललं, का बदललं हे शेवटी तिथंच पाहता येतं आणि बोलणं पुन्हा अक्षरावर येतं. मराठी विकिपीडिया या भावंड प्रकल्पावर अशा चर्चेसाठी चावडी आहे आणि नव्यानं हात बसवायला धूळपाटीही आहे. धूळपाटीवर कितीही गिरवावं, कुणी हसत नाही.

शेतीच्या त्या पुस्तकात एका पानाचा खालचा कोपरा फाटलेला होता. अशा पानाला अडचणीचं म्हणून वेगळा रंग देतात. आम्ही चर्चापानावर दुसरी प्रत कुठे आहे का, असं विचारून ठेवलं. विदर्भातल्या एका सदस्यानं आपल्या तालुक्याच्या वाचनालयात चौकशी केली, कपाटातून प्रत काढून घेतली आणि त्या पानाचं छायाचित्र पाठवलं. कोपऱ्यात खताच्या हिशेबाच्या चार ओळी होत्या, एकरी किती गाड्या शेणखत घालावं याच्या. मी त्या उतरवल्या, आकडे दोनदा ताडले आणि पान पिवळं केलं. ते अजून पिवळंच आहे.