कॅसेटमध्ये न मावलेल्या कथा

जपानी व्हिडिओ गेम ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या पट्ट्यात रुजले ते मुख्यतः 1990 च्या दशकात, आणि ते दोन वाटांनी आले: स्थानकाजवळच्या पार्लरमध्ये उभ्या असलेल्या नाण्याच्या यंत्रांतून आणि घरच्या टीव्हीला जोडायच्या स्वस्त डब्यांतून. या दोन्ही वाटा अरुंद होत्या, आणि त्यांच्या अरुंदपणामुळेच जपानी गेमचा एक मोठा प्रवाह, म्हणजे कथेला प्राधान्य देणाऱ्या दीर्घ गेमचा प्रवाह, इथल्या एका संपूर्ण पिढीपर्यंत पोहोचला नाही. हा मागोवा प्रामुख्याने त्या राहून गेलेल्या भागाचा आहे.

पार्लरचे अर्थकारण नाण्यावर चाले. खेळाडू जितक्या लवकर हरेल तितक्या लवकर पुढचे नाणे पडे, त्यामुळे तिथे तोच गेम टिके जो काही मिनिटांत रंगतो आणि संपतो. कॅपकॉम या जपानी कंपनीचा 1993 चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ इथे पिवळ्या टोपीतल्या वेगवान पात्रावरून ‘मुस्तफा’ या नावानेच ओळखला गेला. त्याचे मूळ मार्क शुल्त्झ यांच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या अमेरिकी चित्रकथेत आहे. 26 व्या शतकात पुन्हा अवतरलेल्या डायनोसॉरची शिकार करणाऱ्या टोळ्यांविरुद्ध चार जण उभे राहतात, असे त्याचे कथानक. पार्लरमधल्या गर्दीत ते कथानक वाचायला कुणाला उसंत नव्हती. दोन टप्प्यांमधली इंग्रजी वाक्ये बटण दाबून पुढे सरकवली जात, आणि डायनोसॉर हे मारायचे शत्रू नसून वाचवायचे प्राणी आहेत, ही त्या कथेची मध्यवर्ती गोष्टच बहुतेकांच्या नजरेतून सुटली.

घरच्या डब्यांची अडचण वेगळी आणि अधिक तांत्रिक होती. निन्टेंडोच्या यंत्राच्या नकला ‘लिटल मास्टर’सारख्या नावांनी विकल्या जात, आणि त्यांत बसवायच्या पेटीला सगळे ‘कॅसेट’ म्हणत. चित्र आले नाही की तिच्या तोंडाशी फुंकर मारून ती पुन्हा खोचण्याचा उपाय घरोघरी ठाऊक होता. एका कॅसेटमध्ये शेकडो, कधी हजारो गेम असल्याचे वेष्टनावर छापलेले असे. प्रत्यक्षात त्यात मोजके छोटे गेम निरनिराळ्या नावांनी पुन्हा पुन्हा भरलेले असत. दीर्घ कथेच्या गेमला मात्र दोन गोष्टी लागतात: मोठी साठवण आणि प्रगती जपून ठेवणारी सोय. अस्सल जपानी कॅसेटमध्ये या कामासाठी लहानशी बॅटरी बसवलेली असे. स्वस्त नकलेत तो खर्च कुणी करत नसे. परिणामी ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ घराघरांत पोहोचले, पण चाळीस-पन्नास तास चालणारी कथा त्या कॅसेटमध्ये मावलीच नाही. महाराष्ट्रातील मुलांनी जपानमधून काय पाहावे, हे अशा रीतीने एका न बसवलेल्या बॅटरीने ठरवले.

जे मावले नाही त्याचे स्वरूप थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. ‘रोल प्लेइंग गेम’ या प्रकारात खेळाडू एका पात्राची किंवा गटाची सूत्रे हाती घेतो, त्यांना हळूहळू घडवतो, आणि लढाया बऱ्याचदा पाळीपाळीने, म्हणजे विचार करायला सवड देत, लढतो. युजी होरिई यांच्या 1986 च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने या प्रकाराला जपानमध्ये घरगुती रूप दिले, आणि पुढच्याच वर्षी हिरोनोबु साकागुची यांचा ‘फायनल फँटसी’ आला. 1997 च्या ‘फायनल फँटसी 7’मध्ये, जो प्लेस्टेशनच्या तीन तबकड्यांवर पसरलेला होता, पहिल्या तबकडीच्या अखेरीस खेळाडूच्या गटातील एक प्रमुख स्त्रीपात्र मारले जाते. तिला घडवण्यात घातलेले सगळे तास तिच्याबरोबर संपतात. वाचकाला किंवा प्रेक्षकाला असा वियोग पाहावा लागतो. इथे खेळाडूने स्वतः घडवलेले माणूस त्याच्या हातून जाते. या माध्यमाचे सामर्थ्य दाखवायला याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

दीर्घ कथा इथवर न पोहोचण्याची ही कोंडी प्रथम फोडली ती एम्युलेटरने. एका यंत्राचे काम दुसऱ्या यंत्रावर हुबेहूब करून दाखवणाऱ्या या संगणक-प्रणालीत कुठल्याही क्षणी प्रगती साठवता येई, त्यामुळे बॅटरीचा प्रश्न उरला नाही. 2003 पासून कार्टून नेटवर्कवर हिंदीत दिसू लागलेल्या ‘पोकेमॉन’ने पात्रांची ओळख आधीच करून दिली होती, म्हणून सायबर कॅफेतून घरी आलेला ‘पोकेमॉन’ गेम इंग्रजी फारसे न येणाऱ्या मुलालाही समजे. पाळीपाळीने लढायचा रोल प्लेइंग गेम इथल्या बहुतेकांनी पहिल्यांदा खेळला तो हाच, जरी त्या प्रकाराचे नाव त्यांच्या कानावर पडले नव्हते. या प्रती अनधिकृत होत्या हे खरे. अधिकृत वाट तेव्हा जवळपास नव्हती हेही तितकेच खरे.

ती वाट 2015 च्या अखेरीस स्टीम या ऑनलाइन दुकानाने रुपयांत किमती लावल्यावर रुंद झाली. टाळेबंदीच्या काळात, जून 2020 मध्ये, ‘पर्सोना 4 गोल्डन’ संगणकावर आला, आणि ठाणेकर वाचकाने आवर्जून खेळावा असा गेम निवडायचा तर तो हाच ठरेल. इनाबा या लहान गावात शहरातून आलेला एक विद्यार्थी वर्षभर मामाकडे राहतो; गावात धुके पडले की खून होतात. दिवसागणिक शाळा, अभ्यास, मैत्री, घरातल्या लहानग्या नानाकोबरोबरचे जेवण यांतून एकच गोष्ट निवडावी लागते आणि बाकीच्या सोडाव्या लागतात. गावात ‘जुनेस’ हे मोठे दुकान उघडल्यामुळे जुन्या बाजारपेठेतली दुकाने एकामागून एक बंद पडत आहेत, आणि त्या दुकानाच्या व्यवस्थापकाचा मुलगा नायकाचा मित्र आहे; दुकानदारांचा राग त्या मुलाला सोसावा लागतो. टेंभी नाका आणि जांभळी नाका यांच्यामधल्या जुन्या बाजारात वाढलेल्या आणि नंतर मॉलमध्ये खरेदीला जाऊ लागलेल्या कुटुंबांना हा ताण परका वाटू नये.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेला ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ जपानी शैलीचा असला तरी शांघायच्या मिहोयो कंपनीचा आहे. तो फुकट मिळतो, पण पात्रे ‘गाचा’ पद्धतीने, म्हणजे पैसे टाकून सोडतीप्रमाणे नशिबाने, मिळतात. जिथे पात्र हेच विक्रीचे साधन होते, तिथे त्याच्या मृत्यूला अर्थ उरत नाही. शैली मात्र आता देशाला बांधलेली नाही, हे 2025 मध्ये फ्रान्सच्या माँपेलिए शहरातील सँडफॉल स्टुडिओने ‘क्लेअर ऑबस्क्युअर: एक्सपिडिशन 33’ या पाळीपाळीने लढायच्या गेममधून ठळकपणे सिद्ध केले.

या शैलीला महाराष्ट्राचे उत्तर पुण्यातून आले. नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने 2017 मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न केला. तो अपुरा पडला, तरी काम थांबले नाही, आणि ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ ऑगस्ट 2020 मध्ये प्रथम निन्टेंडो स्विचवर, म्हणजे ज्याची भारतात अधिकृत विक्रीही नव्हती अशा यंत्रावर, प्रसिद्ध झाला. डोंबाऱ्याचे खेळ करणारी राजी असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघते. दुर्गा आणि विष्णू तिची कथा आपसांत बोलत सांगतात, आणि मधले प्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपात उलगडतात. लढाईची घडण जपानी रोल प्लेइंगपेक्षा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ला जवळची आहे आणि शेवट अर्धवट सोडल्यासारखा वाटतो, हे दोष मान्य केले पाहिजेत. पण भिंतीवरच्या चित्रांपाशी राजी थांबते आणि दुर्गा त्यांतली पुराणकथा सांगू लागते, तेव्हा ठाण्याचे शिवसेना नेते आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या टेंभी नाक्याच्या नवरात्रोत्सवात देवीपुढे रांग लावणाऱ्या माणसाला पात्रपरिचयाची गरज लागत नाही.

गोव्यातील एका छोट्या स्टुडिओचा ‘फिशबोल’ अधिक शांत आणि जपानी रीतीला अधिक जवळचा आहे. नोकरीसाठी शहरात एकटी राहायला आलेली आलो, आजीचा मृत्यू, आणि आजीच्या सामानातून निघालेला पापलेट नावाचा खेळण्यातला मासा, जो तिच्याशी बोलू लागतो: महिनाभराच्या दिनक्रमातून सांगितलेल्या या कथेत ‘पर्सोना’ची दिनदर्शिका आहे, पण राक्षस नाहीत.

आता वाट अडते ती भाषेपाशी. ‘राजी’ला 2022 च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज मिळाला; ‘पर्सोना’ किंवा ‘फायनल फँटसी’ मात्र मराठीत वाचता येत नाही. या गेममधला संवाद हा नाटकाच्या संवादाइतकाच कसबाचा भाग आहे, आणि गडकरी रंगायतन, सावित्रीबाई फुले नाट्यमंदिर यांच्या रंगमंचांसाठी लिहिणाऱ्यांनी या कामाकडे लक्ष देण्याची वेळ आली आहे. वाचकाने सुरुवात ‘राजी’पासून करावी, तो एका सुट्टीच्या दिवसात पूर्ण होतो. ‘पर्सोना 4’साठी मात्र दोन-तीन महिन्यांच्या संध्याकाळी राखून ठेवाव्यात, आणि त्यातले संवाद बटण दाबून पुढे ढकलू नयेत.