तिसापासून सुरू होणारे मार्क

इंदूरच्या भंवरकुआं भागात स्पर्धा परीक्षांच्या क्लासेसची दाटी आहे. तिथे सगळा हिशेब मार्कांचा. स्किझोफ्रेनियाच्या उपचारांतही मार्क असतात, फक्त ते कमी व्हावे लागतात.

१९८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पॅन्स’ मापनपट्टीत ३० मुद्दे आहेत: भास, संशय, भावनांचा कोरडेपणा वगैरे. प्रत्येकाला १ ते ७ गुण. म्हणजे लक्षण नसलेल्यालाही ३० मिळतातच! गोम इथेच आहे. ९० वरून ६० वर आलेल्या रुग्णाची सुधारणा वरवर ३३ टक्के दिसते; तळाचे ३० वगळले की ती ५० टक्के भरते.

पण भास थांबले म्हणजे माणूस कामाला लागला, असं नव्हे. म्हणून ‘आयडियाज’ ही भारतीय पट्टी स्वतःची निगा, नातेसंबंध, संवाद आणि काम तपासते.

सातारा, गोवा आणि तमिळनाडूत झालेल्या ‘कोप्सी’ चाचणीत दोन्ही पट्ट्या वापरल्या. २८२ रुग्णांपैकी काहींना दवाखान्यातील उपचारांच्या जोडीला घरी येणाऱ्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांची मदत मिळाली. २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेले निष्कर्ष प्रांजळ होते: वर्षभरानंतर या गटात लक्षणं आणि अपंगत्व थोडं अधिक घटलं, समाजाकडून मिळणाऱ्या वागणुकीत आणि घरच्यांवरच्या भारात मात्र फरक दिसला नाही.