मांड पक्की, हात हलका

आपल्या भाषेत लगामाला फार मान आहे. कारभार हाती आला की लगाम हाती आला म्हणतात. पोरं उधळली की त्यांना लगाम घालायला हवा असं आजी सांगते. खर्चाला लगाम, जिभेला लगाम, सरकारवर लगाम. सगळीकडे चित्र एकच. वर बसलेला खेचतो आणि खालचा थांबतो. ज्याच्या हाती लगाम तो धनी.

पण याच भाषेत घोड्यावरूनच आलेला दुसरा एक शब्द आहे, ‘मांड’. अमक्याची मांड पक्की आहे, असं आपण म्हणतो तेव्हा हाताचा संबंध नसतो. घोड्याच्या पाठीवर स्वार कसा बसला आहे, त्याचा तोल कसा आहे, घोडं हललं तर तोही त्याच्याबरोबर हलतो की गोणीसारखा आदळतो, हे त्या शब्दात आहे. ज्यांचं पोट घोड्यावर होतं, त्या लोकांनी हा शब्द घडवला. मराठी फौजेत बारगिराला सरकारी पागेतलं घोडं मिळे. शिलेदार मात्र स्वतःचं घोडं आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येई. घोडं गमावलं तर त्याची शिलेदारीच गेली. अशा माणसाला नुसतं लगाम खेचून भागत नव्हतं. त्याला घोड्याचं मन राखावं लागे.

हे सगळं मला पुस्तकातून कळलं असतं तर मी वाचून विसरले असते. पण गेली चार वर्षं मी दर शनिवारी-रविवारी सकाळी पुण्याबाहेरच्या एका घोडेस्वारीच्या मैदानाशेजारी, कडुनिंबाखालच्या बाकावर बसते आहे. शिकणारी मी नव्हे, माझी लेक. शिकवणारे गृहस्थ घोडदळातून निवृत्त झालेले दफेदार, साताऱ्याकडचे. मुलं त्यांना ‘दफेदारकाका’ म्हणतात. आणि जिच्यावर ती शिकते ती चांदणी, कुमाईत रंगाची, कपाळावर पांढरा टिळा असलेली घोडी.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी कुंपणाच्या तारेत अडकलेली प्लास्टिकची पिशवी वाऱ्याने फडफडली. चांदणी बुजली. एका झेपेत ती बाजूला सरकली आणि लेक दुसऱ्या बाजूला जमिनीवर. डोक्यावर शिरस्त्राण होतं म्हणून डोकं वाचलं, पण गळ्याजवळचं हाड मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात. घरात जे व्हायचं तेच झालं. सासूबाई म्हणाल्या, “हाडं मोडून घ्यायला वर पैसे भरायचे?” यजमान काही बोलले नाहीत, पण पुढच्या महिन्याची फी भरायचा विषयही त्यांनी काढला नाही. लेक मात्र एकच प्रश्न विचारत राहिली, “आई, चांदणीने मला मुद्दाम पाडलं का गं?”

तिला पडल्याचं दुःख नव्हतं. विश्वासघात झाला असं तिला वाटत होतं. मी तोच प्रश्न दफेदारांना विचारला. ते म्हणाले, “ताई, घाबरलेलं जनावर लबाड नसतं. ती पळाली ती पोरीपासून नाही, पिशवीपासून. पोरगी पाठीवर हाय, हेच त्या घडीला तिला आठवलं नाही. ते आठवायला लावणं हे आपलं काम.”

घोडा म्हणजे साडेचारशे-पाचशे किलोंचा देह, पण मन हरणाचं. हजारो पिढ्या तो इतरांचं भक्ष्य होता. त्याला शिंगं नाहीत, सुळे नाहीत. आहेत ते चार पाय आणि सतत जागे असलेले डोळे-कान. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. दिसत नाही ते दोनच ठिकाणचं, अगदी कपाळासमोरचं आणि थेट शेपटीमागचं. म्हणून मागून गुपचूप गेलेल्या माणसाला लाथ बसते. त्यात राग नसतो. दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना वळतात. अंगावर माशी बसली तर तेवढीच कातडी थरथरते. ज्याला माशीचे पाय कळतात, त्याला स्वाराच्या आवळलेल्या मांड्या आणि रोखलेला श्वास कळत नसेल?

ते किती बारकाईने कळतं, याचा दाखला शंभर वर्षांहून जुना आहे. बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या एका निवृत्त शिक्षकाचा ‘हुशार हान्स’ नावाचा घोडा होता. बेरीज-वजाबाकी विचारली की तो खुराने टाप मारून उत्तर देई. १९०४ साली जाणत्या मंडळींच्या समितीने तपासणी केली. लबाडी सापडली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने छडा लावला. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर हान्सलाही ते येत नसे. घोडा गणित करतच नव्हता. बरोबर आकडा जवळ आला की समोरच्या माणसाचं डोकं नकळत किंचित हले, अंग सैल पडे. हान्स तेवढं पाहून थांबे. लोक म्हणाले, घोडा हुशार नाही. मला वाटतं, त्याने गणितापेक्षा अवघड गोष्ट साधली होती. माणसाला स्वतःबद्दल जे ठाऊक नव्हतं, ते तो वाचत होता.

स्वीडनमधल्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग तर प्रत्येक आईने वाचावा असा आहे. घोड्यांना हाताने धरून आणि स्वार होऊन एका ठिकाणाहून दुसरीकडे चार वेळा न्यायचं होतं. चौथ्या फेरीआधी माणसांना सांगितलं, या वेळी घोडा जवळून जाताना छत्री उघडली जाईल. प्रत्यक्षात छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही वाढले. घोड्यांना छत्रीचा पत्ताही नव्हता. भीती दोरातून, खोगिरातून त्यांच्यापर्यंत पोचली होती.

लेकीचा हात बरा झाल्यावर आम्ही पुन्हा मैदानावर गेलो. दफेदारांनी तिला खोगिराला हातही लावू दिला नाही. पहिले दोन आठवडे हाती फक्त खरारा. चांदणीच्या खांद्यापाशी उभं राहायचं, बोलत बोलत अंग घासायचं, पाय उचलून खूर साफ करायचे. मग दोर धरून चालणं. चाल म्हटलं की चालायचं, थांबलं की थांबायचं, छातीवर बोटांचा हलका दाब दिला की एक पाऊल मागे. यातला सारा कस एकाच गोष्टीत होता. घोडीने नुसता विचार केला, वजन जरासं मागे नेलं, की त्याच क्षणी बोटं काढून घ्यायची. दफेदार पुन्हा पुन्हा सांगत, “दाबानं घोडं शिकत नाही पोरी. दाब सुटला म्हणजे शिकतं. तू सोडायला विसरलीस, तर तिला कळणार कसं की बरोबर केलं?”

हे वाक्य मी घरी घेऊन आले. आपण मुलांना सांगतो, पुन्हा सांगतो, ओरडतो. त्यांनी ऐकलं तरी सांगणं थांबवत नाही. मग ती ऐकेनाशी होतात. घोडंही तसंच. कायम ताणलेला लगाम म्हणजे कायम चाललेली कटकट. काही दिवसांनी तोंड बोथट होतं, आणि मग लोक म्हणतात, हा घोडा तोंडाचा कठीण आहे.

एका रविवारी दफेदारांनी चांदणीचा दोर माझ्या हातात दिला. “ताई, तुम्ही न्या तिला त्या कुंपणापाशी.” तीच तार, तीच जागा. माझी छाती धडधडायला लागली. दहा पावलांवर चांदणीने मान उंच केली, कान पुढे रोवले आणि ती थांबली. दफेदार लांबून म्हणाले, “ती तुमाला विचारतीया. उत्तर द्या.” उत्तर म्हणजे काय, तर श्वास सोडायचा, खांदे सैल करायचे आणि तिला न ओढता तिच्याबरोबर उभं राहायचं. मिनिटभराने तिने मान खाली घातली, ओठ चघळले, फुरफुरली. मग आम्ही दोघी चालत गेलो. लेक बघत होती. आपल्या आईला भीती वाटते आणि तरीही ती पाऊल टाकते, हे तिने त्या दिवशी पाहिलं. घरी कुणी काही बोललं नाही, पण त्या महिन्याची फी यजमानांनी स्वतः भरली.

पिशवीचा धडा नंतर झाला. काठीला पिशवी बांधून दफेदार लांब उभे राहिले. चांदणी स्वस्थ राहिली की पिशवी खाली. मग पाच पावलं जवळ. काही रविवार गेले, आणि एके दिवशी चांदणीनेच जाऊन पिशवी हुंगली. त्यानंतर लेक खोगिरावर बसली.

ही युक्ती नवी नाही. अलेक्झांडरची गोष्ट प्लुटार्कने लिहून ठेवली आहे. ब्युसेफॅलस कुणाला पाठीवर बसू देत नव्हता. थोरांनी त्याला नाठाळ ठरवलं. त्या मुलाने पाहिलं की हा स्वतःच्या सावलीला भितो आहे. त्याने घोड्याचं तोंड सूर्याकडे वळवलं, थोपटलं, थोडा वेळ बरोबर धावला आणि मग वर चढला. तोच घोडा इ. स. पू. ३२६ मध्ये झेलमकाठी पोरसाशी झालेल्या युद्धापर्यंत त्याच्यासोबत होता. तिथेच तो मेला आणि त्याच्या नावाने अलेक्झांडरने नगर वसवलं. आणखी मागे, ग्रीक सेनानी झेनोफनने अश्वविद्येवर पुस्तक लिहिलं, त्यातही रागाच्या भरात घोड्याशी कधी वागू नये असं बजावलं आहे.

मधल्या काळात मात्र एक समजूत रूढ झाली. कळपात सर्वांत दांडगा घोडा पुढारी असतो, तेव्हा स्वारानेही तसाच धाक बसवावा. मोकळ्या फिरणाऱ्या कळपांकडे अभ्यासकांनी नीट पाहिलं तेव्हा चित्र वेगळं निघालं. कधी एखादी वयस्क घोडी पाणवठ्याकडे वळते, कधी दुसरंच कुणी, आणि बाकीचे मागे जातात. नर अनेकदा मागून कळप हाकत असतो. दांडगाई करणाऱ्यापासून घोडे लांब राहतात. त्याच्या मागे जातातच असं नाही.

२०२३ साली हांगचौच्या आशियाई खेळांत अनुष अगरवाला, मुंबईचा हृदय छेडा, दिव्यकृती सिंह आणि सुदिप्ती हजेला या चौघांनी ड्रेसाजमध्ये सांघिक सुवर्णपदक जिंकलं. घोडेस्वारीतलं भारताचं सुवर्ण १९८२च्या दिल्ली एशियाडनंतर ४१ वर्षांनी आलं. ड्रेसाज ही स्पर्धा पाहिली तर वाटतं, घोडा आपणहून नाचतो आहे आणि स्वार नुसता बसला आहे. स्वाराला तोंडातून आवाज काढायचीही मुभा नसते. जे सांगायचं ते मांडीने, पाठीच्या कण्याने, बोटांनी. आज्ञा जितकी कमी दिसेल तितकी स्वारी सरस.

सुट्टीत आपण माथेरानला किंवा महाबळेश्वरला जातो आणि मुलांना घोड्यावर बसवतो. त्या पाच-दहा मिनिटांतही हे थोडं शिकवता येईल. मागून जाऊ नये. खांद्याच्या बाजूने, बोलत जावं. आधी घोड्याचं नाव विचारावं, हाताची मागची बाजू हुंगू द्यावी. टाचा मारून ‘चल चल’ ओरडू नये. उतरल्यावर मानेवरून हात फिरवावा. घोडेवाल्यालाही बरं वाटतं. त्याचं घर त्या जनावरावर चालतं.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवावी. हा विश्वास एकदा मिळवून कपाटात ठेवता येत नाही. भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला, या जुन्या कोड्याचं उत्तर एकच, फिरवलं नाही म्हणून. पावसाळ्यात दोन आठवडे खंड पडला की चांदणी पुन्हा कान टवकारून विचारते, तू तीच ना? मग पुन्हा खरारा, पुन्हा दोर, पुन्हा एक पाऊल मागे. त्याला इलाज नाही, आणि त्यात कमीपणाही नाही.

घोडा उभ्याउभ्या डुलकी घेतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण गाढ झोपेसाठी त्याला आडवंच व्हावं लागतं, आणि आडवा तो तेव्हाच होतो जेव्हा आसपास कुणी राखण करतंय अशी त्याची खात्री असते. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी आम्ही लवकर पोचलो. चांदणी तबेल्यात गवतावर पाय पसरून आडवी झाली होती. लेक दारातून हळूच आत गेली आणि तिच्या खांद्यापाशी बसली. चांदणीने एक कान वळवला, कोण आलंय ते पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले. दफेदार माझ्या शेजारी उभे होते. हळू आवाजात म्हणाले, “आता पोरगी स्वार झाली.”