गोष्ट कोणाच्या तोंडची?

कसबा पेठेंत ग्रामदैवत गणपतीच्या दर्शनास गेलेलें कुटुंब परततांना मुलांसाठीं लाल महालापाशीं घटकाभर थांबतेंच. आजची वास्तु अलीकडे पुन्हा उभारलेली. परंतु आजीबाई शाएस्तेखानाची गोष्ट सांगूं लागल्या कीं, १६६३ सालची ती चैत्रांतली रात्र डोळ्यांपुढें उभी राहते.

ही एकच घटना दोघांनीं कशी लिहिली, तें पाहण्याजोगें आहे. कृष्णाजी अनंत सभासदांनीं आपली बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली. तींत आपण शिवाजी महाराजांच्या पाठोपाठ आंत शिरतों, आणि गोष्ट पराक्रमाची होते. फारसी इतिहासकार खाफीखान याचा बाप शाएस्तेखानाच्या पदरीं होता. त्याच्या ग्रंथांत आपण खानाच्या घरांत असतों. मुदपाकखान्याकडून भिंत फुटते, अंधारांत एकच गोंधळ उडतो, दासी खानास हातांस धरून सुरक्षित जागीं ओढून नेतात. येथें गोष्ट घबराटीची होते. प्रसंग तोच, सांगणाराची जागा तेवढी बदलली.

असा बदल म्हणजे केवळ लेखनाची शोभा नव्हे, हें हरि नारायण आपट्यांनीं याच पुण्यांत दाखवून दिलें. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही त्यांची कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांत क्रमशः येऊं लागली. केशवपनावर तत्पूर्वीं वाद पुष्कळ झाले होते. परंतु त्यांत बोलत ते बहुधा पुरुषच. आपट्यांनीं लेखणी यमूच्या हातीं दिली. आपलें बालपण, संसार आणि वैधव्य तिनें स्वतःच सांगितलें, आणि सभेंतला ‘प्रश्न’ घरांतल्या लेकीचें दुःख होऊन बसला. हीच हकीकत सासरच्या वडील माणसानें सांगितली असती, तर एकहि प्रसंग न बदलतां ती कुलाचाराच्या रक्षणाची कथा झाली असती!

आपल्या घरींहि अशा कथा आहेतच. वाटणी कां झाली, आत्याबाई माहेरींच कां राहिल्या, हें आपण बहुधा कर्त्या पुरुषाच्या तोंडून ऐकलेलें असतें. तें खोटें असेल असें नाहीं. पण तें एका जागेवरून दिसलेलें असतें. लाल महालाची गोष्ट संपली, म्हणजे एखाद्या संध्याकाळीं मुलांना आत्याबाईंजवळ बसवावें, आणि त्यांची गोष्ट त्यांनाच सांगूं द्यावी. वडिलांनींहि जवळ बसून ती ऐकावी. मात्र मध्यें बोलूं नये.