टीडीएस, बीडी, एसओएस: डॉक्टरांच्या चिठ्ठीतल्या या अक्षरांचा अर्थ काय?

चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढे 'टीडीएस' दिसलं तर दचकू नका. पगारातून कापल्या जाणाऱ्या कराशी त्याचा संबंध नाही. ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरं आहेत. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा. एचएस म्हणजे रात्री झोपताना. एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर.

जास्त गोंधळ होतो तो एसओएसचा. सिनेमात बुडणारं जहाज एसओएस पाठवतं, म्हणून ही तातडीची गोळी असावी असं वाटू शकतं. प्रत्यक्षात अर्थ आहे 'गरज पडली तरच'. ताप आला, अंग दुखलं तर घ्या, नाहीतर नको. पण गरज पडेल तेव्हा म्हणजे हवी तितकी नव्हे. पॅरासिटामॉलच्या दोन डोसमध्ये किमान चार ते सहा तासांचं अंतर लागतं आणि प्रौढांसाठी दिवसाला 4 ग्रॅम ही कमाल मर्यादा मानली जाते. त्यापुढे यकृताला धोका असतो. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते मोजायचंच राहून जातं.

ओडीची गंमत वेगळी. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ओडी म्हणजे उजवा डोळा!

एक चूक मात्र थेट जिवावर बेतते. संधिवातासाठी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. बाकीच्या गोळ्या रोजच्या, त्यामुळे काही रुग्ण हीसुद्धा रोज घेतात. मग तोंडात फोड येतात, रक्तपेशी कमी होतात, मृत्यूही ओढवू शकतो. असे प्रकार अनेक देशांत नोंदवले गेले आहेत. म्हणून या गोळीपुढे 'आठवड्यातून एकदा' एवढंच नको, 'फक्त रविवारी' असा वारच लिहून घ्यावा. सोबतची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी बहुतेकदा दुसऱ्या दिवशी असते, तोही वार विचारावा.

औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, असा बदल भारतात 2016 मध्ये डॉक्टरांच्या नियमावलीत झाला. पण अक्षर कितीही सुंदर असलं तरी बीडी हे बीडीच राहतं. त्यापेक्षा काही डॉक्टर लिहितात ते 1-0-1 बरं: सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. तसं नसेल तर मेडिकलवाल्याला गोळ्यांच्या पाकिटावर मराठीत लिहून द्यायला सांगा. पेन त्याच्या काउंटरवर असतंच.